ब्रिजस्टोन एमबी-२ : गॅरेजमधल्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

कॅलिफोर्नियात, कॅस्ट्रो व्हॅलीतल्या एका गॅरेज सेलमधून ब्रिजस्टोनची एमबी-२ ही जुनी माउंटन बाइक आणली. ६० डॉलर. विकणाऱ्या आजोबांनी चाकांत हवा भरून ठेवली होती, पण टायरच्या कडा वाळून तडकल्या आहेत, म्हणून चालवून बघितली नाही.

पहिली पाहणी: खालच्या नळीवर, डोक्याच्या नळीला (हँडल जिच्यात फिरतं) ती जिथे मिळते तिथे, बोटं फिरवली. फुगवटा नाही, सुरकुती नाही. समोरून धडकलेल्या सायकलचं दुखणं सगळ्यात आधी तिथे हाताला लागतं. रंग गडद निळा, दांड्यावर खरचटलेला, चेनच्या बाजूला खालपर्यंत उडालेला. मागचं डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) शिमानो डिओर एक्सटी, ७ गिअर. शिफ्टर हँडलच्या वर, अंगठ्याने ढकलायचे. कॅन्टिलिव्हर ब्रेक, म्हणजे दोन बाजूंचे हात मधल्या आडव्या तारेने ओढले जातात ते. नळ्यांचे सगळे सांधे लगमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या स्टीलच्या खोबणीत, बसवून पितळाने जोडलेले.

सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची फ्रेममध्ये उतरणारी नळी, जागची हलत नाही. काम तिथेच अडणार.

७ जानेवारी

डिरेलरच्या पाठीवरचा चिखल टूथब्रशने काढल्यावर दोन अक्षरं दिसली: एन आणि डी. शिमानोच्या खुणेत पहिलं अक्षर वर्षाचं, ए म्हणजे १९७६. दुसरं महिन्याचं. म्हणजे हा भाग एप्रिल १९८९ चा. त्यावरून सायकलचं वय नक्की होत नाही, भाग बदललेला असू शकतो, पण नळ्या, लग आणि बाकीची जुळणी त्याच सुमाराची वाटते.

ब्रिजस्टोन म्हणजे टायरवालीच, जिचा एक कारखाना आपल्या चाकणला आहे. सायकलींची कंपनी जपानात १९४९ पासून वेगळी. तिचं अमेरिकेतलं ऑफिस होतं सॅन लिअँड्रोला, माझ्या घरापासून गाडीने अगदी थोड्या अंतरावर. तिथे बसून ग्रँट पीटरसन यांनी या एमबी मालिकेला आकार दिला. बाजार नवनव्या युक्त्यांच्या मागे धावत असताना हा माणूस लगच्या स्टील फ्रेमवर आणि साध्या, खोलता येणाऱ्या भागांवर अडून राहिला. १९९४ मध्ये ते ऑफिस बंद झालं. कारण सायकली वाईट होत्या हे नव्हे, कारण येन. डॉलर उतरवायच्या १९८५ च्या प्लाझा करारापूर्वी एका डॉलरला सुमारे २४० येन मिळायचे, १९९४ च्या मध्यावर १०० च्याही खाली. जपानात बनवून अमेरिकेत विकणं परवडेनासं झालं. बाकीच्या बऱ्याच कंपन्या तोवर तैवानला गेल्या होत्या. पीटरसन यांनी त्याच वर्षी वॉलनट क्रीकला रिव्हेंडेल ही स्वतःची सायकल कंपनी सुरू केली आणि लगच्या फ्रेमा बनवणं सोडलं नाही.

म्हणून मला ही सायकल इथेच, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभागात, पुन्हा चालती करायची आहे. काचेच्या कपाटात ठेवायला नको, डोंगरावर न्यायला हवी.

१३ जानेवारी

सगळं उतरवलं. प्रत्येक भाग वेगळ्या पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव, वॉशर कोणत्या क्रमाने होते त्याचा फोनवर फोटो. मागच्या चाकाच्या ॲक्सलवरचे स्पेसर डावीकडचे उजवीकडे गेले तर चाक मधोमध बसत नाही, आणि मग दोष स्पोकमध्ये शोधत बसावं लागतं.

क्रँक पुलरने सुटले. पायडल सुटले. हँडलचा स्टेम बोल्ट सैल करून वरून लाकडाचा ठोकळा ठेवून एक टोला, खाली गेला. सीटपोस्ट तशीच.

१५ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ. गॅरेज बंद.

२० जानेवारी

सीटपोस्टचा प्रश्न नीट समजून घेणं भाग आहे. फ्रेम स्टीलची, पोस्ट ॲल्युमिनियमची. दोघांच्या मध्ये घाम आणि पावसाचं पाणी वर्षानुवर्षं झिरपलं की ॲल्युमिनियमवर पांढरा ऑक्साइड चढतो. ऑक्साइडला मूळ धातूपेक्षा जागा जास्त लागते, म्हणून तो पोस्ट आतून आवळत जातो. ज्याने शेवटचं बसवताना चिमूटभर ग्रीस लावलं असतं, त्याने हे सगळं वाचवलं असतं.

वरून तेल सोडून ते खाली पोचत नाही. म्हणून बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा ॲक्सल आणि बेअरिंग, काढलं. उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. कप साफ, ॲक्सलवर छर्ऱ्यांची पट्टी चकचकीत, खड्डे नाहीत. खाली जमलेलं वाळलेलं ग्रीस मात्र चमच्याने काढावं लागलं.

फ्रेम उलटी टांगली आणि ब्रॅकेटच्या भोकातून सीटच्या नळीत गंज सोडवणारं तेल ओतलं. आता पोस्टच्या खालच्या कडेपर्यंत तेल उभं आहे. राहू दे.

२७ जानेवारी

तेल काढून टाकलं, नळी पुसली, आता अमोनिया. घर पुसायचा साधा अमोनिया ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडला सैल करतो असं म्हणतात. गॅरेजचं दार सताड उघडं, पंखा चालू, आणि ब्लीचची बाटली आधीच दुसऱ्या खोलीत, कारण हे दोन एकत्र आले तर विषारी वायू होतो.

मराठी मंडळातले एक काका संध्याकाळी आले. पुण्यात टूलरूममध्ये हयात घालवलेले, आता मुलाकडे असतात. त्यांच्याकडे ६ इंची व्हाइस आहे, जाड टेबलाला बोल्टने आवळलेली. मी म्हटलं, ‘‘काका, उद्याच धरू या का व्हाइसमध्ये?’’ त्यांनी पोस्टवर नख वाजवून आवाज ऐकला. ‘‘अरे, आत पोचू दे की जरा. एवढ्यात पिळलीस तर पोस्ट वर तुटेल आणि खालचा तुकडा आत राहील. मग करवतीच्या पात्याने आतून उभी चिरत बसशील महिनाभर.’’

थांबतो.

४ फेब्रुवारी

वादळ. खाडीभागात ठिकठिकाणी वीज गेली, आमचीही. टॉर्चच्या उजेडात पोस्टला आणखी एकदा तेल पाजलं.

१० फेब्रुवारी

पोस्ट निघाली.

कसं केलं ते सविस्तर लिहितो, कारण जुन्या स्टील सायकलींत हाच रोग घरोघरी आहे. पुष्कळ लोक आधी फ्रेम तापवतात. पण ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे दोन्ही तापले की आतली पोस्टच जास्त फुगते आणि पकड वाढते. उलट गार केलं तर आतली नळी जास्त आकसते. इथे किराणा दुकानात ड्राय आइस मिळतो, उणे ७८ अंशांचा. जाड हातमोजे घालून त्याचे बारीक तुकडे पोस्टच्या पोकळीत भरले. २७ मिमीच्या नळीत दोन्ही धातू सारखेच गार झाले तरी आकसण्यातला फरक जेमतेम ०.०३ मिमी पडतो. पण तेवढ्याने ऑक्साइडचा थर तडकतो आणि तेल आत शिरायला वाट होते.

मग काकांची व्हाइस. पोस्टचं वरचं डोकं, जिथे सीट बसते ते, जबड्यात धरलं आणि अख्खी फ्रेम उलटी वर. आता फ्रेम हाच पाना. काकांनी मला मागच्या त्रिकोणाला हात लावू दिला नाही, तिथल्या नळ्या पातळ. मी डोक्याच्या नळीकडून, ते सीटच्या सांध्याजवळून. एकदा इकडे, एकदा तिकडे, हिसका न देता. चौथ्या-पाचव्या वेळेला बंदुकीसारखा आवाज झाला. आम्ही दोघंही थबकलो. तुटलं का काय? तुटलं नव्हतं, सुटलं होतं. त्यानंतर करकर करत, पांढरी भुकटी सांडत, एकेक सेंटिमीटर वर आली.

पोस्ट बाद झाली, तिच्या अंगभर खड्डे आहेत. तिच्यावर कोरलेलं माप टिपून घेतलं. सीटपोस्ट ०.२ मिमीच्या टप्प्यांनी येतात आणि एक टप्पा चुकला तर लग पिचकतो. नवीन तेवढ्याच मापाची. काका म्हणाले, ‘‘आता भरपूर ग्रीस लाव आणि दर दिवाळीला एकदा बाहेर काढत जा.’’

१७ फेब्रुवारी

दोऱ्याची परीक्षा. मागच्या डाव्या ड्रॉपआउटपासून (चाकाचा ॲक्सल बसतो ती खाच) दोरा डोक्याच्या नळीला वळसा घालून उजव्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून बांधला. सीटच्या नळीपासून दोऱ्याचं अंतर दोन्हीकडे मोजलं. फरक एक मिमीच्या आत. फ्रेम सरळ.

डिरेलर ज्याला टांगलेलं असतं तो हँगर मात्र आत वाकलेला, सायकल कधीतरी उजव्या अंगावर पडली असणार. हँगर सरळ करायच्या दांड्याने रिमवर चारही बाजूंनी अंतर जुळेपर्यंत वाकवला. स्टील आहे म्हणून हे करता येतं. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हाच वाक काढताना माझा हात धजला नसता.

२४ फेब्रुवारी

गंज आणि रंग.

रंग नवा करायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. पावडर कोटिंगवाल्याकडे दिली तर चकचकीत होऊन येईल, पण लगच्या कडा जाड थराखाली बोथट होतील, अक्षरं जातील, आणि १९८९ च्या आसपास जपानी कारखान्यात चढलेला तो थर पुन्हा कधीच मिळणार नाही. मूळ रंग एकदाच असतो. खरचटला आहे, तर खरचटलेला राहू दे. गंज मात्र राहू द्यायचा नाही, तो वाढतो.

ऑक्झॅलिक ॲसिड, इथे लाकूड उजळायची पावडर म्हणून मिळतं. कोमट पाण्यात विरघळवलं, हातमोजे आणि चष्मा लावून. विषारी आहे, मुलीला गॅरेजबंदी. बोल्ट, वॉशर, स्टीलच्या चकत्या त्यात बुडवून ठेवल्या. फ्रेमवरच्या डागांवर त्याच पाण्यात भिजवलेला कापूस चिकटवून वर प्लास्टिक गुंडाळलं. संध्याकाळी काढलं तर तांबूस गंजाच्या जागी करडं, उघडं स्टील. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं केलं, नाहीतर रात्रीत पुन्हा पिवळी साय येते.

उघड्या ठिकाणी आधी प्रायमरचे ठिपके, मग रंग. रंगासाठी लेकीला घेऊन नेलपॉलिशच्या शेल्फसमोर उभा राहिलो. तिने एकच बाटली उचलली आणि ती बरोबर निघाली. बारीक ब्रशने फक्त खड्डा भरायचा, कडेवर चढायचं नाही. वाळल्यावर हलकं पॉलिश, वरून मेण. एका हाताच्या अंतरावरून डाग दिसतात, दिसू देत. आतल्या बाजूने नळ्यांत गंजरोधक तेल फवारून फ्रेम फिरवून फिरवून सगळीकडे पोचवलं.

२ मार्च

हब. या सायकलीवरचं माझं सगळ्यात आवडतं काम.

आजच्या कित्येक सायकलींचे बेअरिंग बंद डबीचे, खराब झाले की ठोकून काढा आणि नवे घाला. हे कप आणि कोनचे: हबमध्ये कप, ॲक्सलवर कोन, मध्ये सुटे छर्रे. १३ आणि १५ चे पातळ पाने घेतले की सगळं उघडतं. पुढच्या चाकात दोन्हीकडे दहा-दहा छर्रे, ३/१६ इंची. मागच्यात नऊ-नऊ, १/४ इंची. रॉकेलसारख्या मिनरल स्पिरिटमध्ये धुतले आणि दिव्याखाली धरले. पुढचे कोन आरशासारखे. मागचा डावा कोन खराब: छर्रे जिथून धावतात त्या पट्टीवर मोहरीएवढे तीन खड्डे. हबमधला कप मात्र शाबूत. इथेच या रचनेची गंमत. कोन मुद्दाम असा भाग आहे की जो झिजावा आणि बदलावा. नवा कोन ८ डॉलर, हब पुढची तीस वर्षं.

छर्रे मात्र सगळे नवे. जुने दिसायला चांगले असले तरी एकाच मापाचे राहिलेले नसतात, आणि एक छर्रा कणभर मोठा असला तर सगळा भार त्याच्यावर.

आवळताना एक गोष्ट सांभाळायची. क्विक रिलीज (चाक फ्रेमला आवळायचा खटका) आवळला की पोकळ ॲक्सल किंचित दाबला जातो आणि बेअरिंग घट्ट होतं. म्हणून चाक हातात असताना अगदी थोडी ढील ठेवायची, इतकी की फ्रेममध्ये बसवून आवळल्यावर ती नाहीशी व्हावी. चाक हलकेच फिरवून सोडलं. व्हॉल्व्हच्या वजनाने ते मागेपुढे झुलत राहिलं, बराच वेळ. पुण्यात आमच्या कोपऱ्यावरचे सायकलवाले ओव्हरऑइलिंग झालं की गिऱ्हाइकाला हेच करून दाखवायचे.

१० मार्च, रविवार

हात थांबवून फेअरफॅक्सला गेलो, मरिन म्युझियम ऑफ बायसिकलिंगमध्ये. माउंटन बाइक हॉल ऑफ फेमही २०१५ पासून इथेच आहे. क्युरेटर आहेत जो ब्रीझ, ज्यांनी १९७७ मध्ये खास डोंगरासाठी म्हणून पहिली फ्रेम स्वतः बनवली. त्याआधी इथली पोरं जुन्या श्विन एक्सेलसियर सायकली घेऊन उतारांवर सुटायची. रिपॅक नावाची शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ ला पहिल्यांदा झाली. ती भरवणारा चार्ली केली घड्याळ धरायचा. सुमारे ३.४ किलोमीटरचा रस्ता, ४०० मीटर उतार. मागच्या पायब्रेकच्या हबमधलं ग्रीस एका उतारात जळून धूर व्हायचा, प्रत्येक फेरीनंतर हब पुन्हा ग्रीसने भरायला लागायचा, म्हणून रिपॅक. त्याच पोरांतल्या गॅरी फिशरचा विक्रम ४ मिनिटं २२ सेकंद.

तिथल्या श्विनसमोर बराच वेळ उभा होतो. एकही भाग डोंगरासाठी बनवलेला नाही. मोटारसायकलचे ब्रेक लिव्हर, टूरिंगच्या सायकलचे गिअर, जिथून जे मिळेल ते. फक्त बारा-तेरा वर्षांनी कारखान्यातून माझ्या एमबी-२ सारखी सायकल बाहेर पडते, जिचा प्रत्येक भाग याच कामासाठी आखलेला आहे. हा प्रवास पुस्तकात वाचून कळला नव्हता, तिथे दोन फुटांवरून पाहिल्यावर कळला.

१६ मार्च

दोन्ही चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला. स्पोक आवळायचे निपल गंजलेले होते, प्रत्येकाला तेलाचा थेंब देऊन रात्रभर ठेवलं होतं. एकही स्पोक तुटला नाही.

२३ मार्च

शिफ्टर. उजवा ढकलला की क्लिक होत नव्हता, नुसता चिकट सरकायचा. आतलं ग्रीस वाळून डिंक झालेलं. स्प्रेने धुतलं, लिव्हर पुढेमागे करत राहिलो, काळं पाणी येणं थांबेपर्यंत, मग हलकं तेल. सगळे क्लिक परत आले.

या अंगठ्याच्या शिफ्टरवर एक छोटी फिरती कडी आहे. ती वळवली की क्लिक बंद आणि लिव्हर नुसता घर्षणावर चालतो. डोंगरात पडून हँगर वाकला, तारेची ढील बिघडली, तरी कानाने आणि अंगठ्याने गिअर शोधत घरी येता येतं. पुढे ही कडी नसलेले, बोटाने दाबायचे शिफ्टर आले आणि बिघडले की फेकायचे झाले. माझ्या मते तिथे माउंटन बाइकने काहीतरी कायमचं गमावलं.

३० मार्च

तारा आणि ब्रेक. गिअरच्या तारेचं आवरण आणि ब्रेकच्या तारेचं आवरण दिसायला सारखं, आतून वेगळं. गिअरच्या आवरणात तारा लांबीच्या दिशेने उभ्या असतात, दाबाखाली लांबी बदलू नये म्हणून. ब्रेकचं स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं. गिअरचं आवरण ब्रेकला लावलं तर जोरात ब्रेक दाबताना ते फाटू शकतं. पैसे वाचवायला हे कुणी करू नये.

रबरं दगड झालेली, नवी कूल-स्टॉप घातली, पुढचं टोक रिमला किंचित आधी लागेल अशी तिरकी. मधली आडवी तार जितकी खाली बसवावी तितका जोर वाढतो, पण लिव्हर लांबवर ओढावा लागतो. टायरच्या नक्षीपासून बोटभर वर ठेवली. पुढच्या रिफ्लेक्टरची पट्टी दिसायला ओबडधोबड आहे आणि बहुतेक हौशी ती पहिल्यांदा काढतात. मी ठेवली. मुख्य तार तुटली तर आडवी तार खाली पडून टायरच्या नक्षीत अडकते आणि पुढचं चाक जागच्या जागी थांबतं. ही पट्टी तिला अडवते.

६ एप्रिल

नवी चेन, पॅनरेसरचे तपकिरी कडांचे टायर, नव्या ट्यूब. जुनी चेन पट्टीवर मोजली: १२ इंचांच्या जागी १२ आणि १/८ च्या थोडं पुढे. इतकी ताणलेली चेन मागचे दातेही खाते, म्हणून कॅसेटही बदलली. पुढच्या चकत्या ठीक आहेत. सीटपोस्टला ग्रीस, हेडसेटला (हँडलच्या बेअरिंगला) ग्रीस, बॉटम ब्रॅकेटमध्ये दोन्हीकडे अकरा-अकरा नवे छर्रे.

९ एप्रिल

पाडवा. हँडलला हळदकुंकू, छोटा हार. काका आले होते. त्यांनी आधी पोस्ट वर ओढून पाहिली, मग पेढा घेतला.

२० एप्रिल, शनिवार

रिपॅक.

फेअरफॅक्सहून बोलिनास रोडने वर, पाइन माउंटनचा फायर रोड, सॅन जेरोनिमोची धार. चढ लांब आहे. सस्पेन्शन नाही, म्हणजे पायडलला दिलेला जोर कुठे मुरत नाही. उभं राहून मारलं की सायकल लगेच पुढे जाते. बरोबरचे दोघं नव्या कार्बनच्या सायकलींवर होते, चढावर त्यांच्या मागे पडलो नाही.

उतारावर हिशेब वेगळा. रस्ता रुंद, पण सैल खडी, पावसाने पडलेल्या आडव्या चऱ्या, आणि वळणं अशी की पुढचं दिसत नाही. पायडल सपाट, गुडघे सैल, हात सैल, दोन बोटं ब्रेकवर. लगच्या स्टीलच्या चिमट्याला किंचित लवचीकपणा आहे, तो लहान खडे गिळतो. मोठे तुमच्या मनगटांनी गिळायचे. अर्ध्या वाटेत गिअरचा क्लिक चुकू लागला, नव्या तारा पहिल्या दिवशी बसतातच. कडी फिरवून बाकीचा उतार घर्षणावर केला. खाली पोचल्यावर रिमला हात लावला तर चटका बसला. हब मात्र थंड.

गॅरी फिशरच्या वेळेच्या जवळपासही नव्हतो आणि तो हेतूही नव्हता. त्याच रस्त्यावर, याच खाडीभागातून कधीकाळी बाजारात आलेली सायकल, मूळ रंगात, स्वतःच्या हबवर खाली आली. मला हे पाहायचं होतं.

२१ एप्रिल

गिअरची तार अर्धा वळसा आवळली, क्लिक जागेवर. हेडसेटमध्ये कणभर ढील, आवळली. मागच्या ब्रेकचं डावं रबर जास्त झिजतंय, त्या बाजूची स्प्रिंग तपासायची आहे. सॅन लिअँड्रोतच एकाकडे एमबी-३ ची नुसती फ्रेम आहे म्हणे. पुढच्या शनिवारी बघायला जातो. तिचीही पोस्ट अडकलेली आहे, काकांना सांगून ठेवलंय.